सुईच्या भांड्याची शेगडी

लिफ्टवाल्याला एक शेगडी घ्यायची होती. बस्स, एवढंच. पण एवढ्याशा गोष्टीपायी त्याने स्वतःच्या जिवाला घोर आणि घरातल्यांच्या डोक्याला ताप करून ठेवला होता. अर्धा चहा टाकून उठायचा, खाली जाऊन गाडीची डिकी मापायचा, वर येऊन गार चहा प्यायचा आणि पुन्हा उठायचा. बायको शेवटी म्हणाली, "अहो, बूड टेका की जरा! शेगडी आणताय की नवी लिफ्ट बसवताय?"

"लिफ्ट परवडली," तो म्हणाला. "लिफ्टला नियम तरी असतात."

तर या घरात माणसं तीन. हा लिफ्ट दुरुस्त करणारा, पन्नाशीला टेकलेला. त्याची बायको, रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. आणि बायकोची पहिल्या नवऱ्याची मुलगी, सुई. हे नाव तिच्या वडिलांनी ठेवलेलं, कारण पोर अंगाने काडी आणि बोलायला टोकदार. वडील वारले तेव्हा ती लहान होती. आईने मागच्या वर्षी लिफ्टवाल्याशी लग्न केलं. सुई त्याला काका म्हणायची, विचारलं तर उत्तर द्यायची, उलटून कधी बोलायची नाही. वाईट म्हणावं असं काहीच नव्हतं, आणि हेच तर त्याला खात होतं. पाहुण्यांशी वागतात तसं ती त्याच्याशी वागायची.

त्यात या सुट्टीआधी तिने आईला सांगून टाकलं, "मी आजीकडे जाऊन राहू का? तिथल्या शाळेत जाईन." आजी म्हणजे वडिलांची आई, दुसऱ्या गावातली. आईचा चेहरा पांढराफटक पडला. तिने कसंबसं म्हटलं, आधी आपण तळ्याकाठी तंबूत राहून येऊ, मग तू काय ते ठरव. सुई म्हणाली, बरं. आणि नेमकी आईची सुट्टी रद्द झाली! लॅबमधली दुसरी बाई आजारी पडली. आता तळ्यावर जायचं ते या दोघांनीच. बायकोने लिफ्टवाल्याला बाजूला घेऊन सांगितलं, "सांभाळून घ्या हो. ती गेली तर मला घर खायला उठेल." त्या दिवसापासून हा माणूस धड जेवला नाही.

शेगडीचं प्रकरण असं, की सुईला तिच्या बाबांचं भांडं बरोबर न्यायचं होतं. डच ओव्हन म्हणतात त्याला. बिडाचं, जाडजूड, उचलताना कमरेतून कळ यावी असलं धूड. झाकणाला कडा उठवलेली, म्हणजे भांड्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे, मधे अन्न सगळीकडून सावकाश शिजतं. बाबा ते जमिनीवरच मांडायचे. पण आता तळ्याकाठी जमिनीवर जाळ करायला बंदी होती, गवत पेटतं म्हणून. पायांवर उभी राहणारी शेगडी हवी. आणि त्यांच्या गाडीची डिकी एवढीशी, तंबू ठेवला की उरलेल्या जागेत चपलांचा जोड मावेल इतपत.

दुकानात तो सुईला घेऊन गेला. दुकानवाल्या बाई मोठ्या उमद्या होत्या, त्यांनी होतं नव्हतं ते सगळं मांडलं. एक गॅसवरची शेगडी, दिसायला देखणी. "ही नको," सुई म्हणाली. "झाकणावर ठेवायला निखारे कुठून आणायचे?" दुसरी बादलीसारखी, जाड पत्र्याची, आखूड ठोकळेबाज पायांची. बाईंनी तिच्यावर थाप मारली. "बिडाच्या भांड्याला ही घ्या. दिसायला भोपळा आहे, पण तासन् तास तापली तरी ढिम्म."

लिफ्टवाल्याने मोजपट्टी काढली. डिकीत ती मावायची, पण मग तंबू टपावर बांधावा लागला असता. त्याला ते पटेना. तिसरी मात्र त्याच्या मनात भरली. पाय दुमडले की वहीसारखी चपटी, उघडली की चार पाय खटक्यात अडकून ताठ उभी. खटका बसला की कट्ट असा आवाज व्हायचा. आयुष्यभर लिफ्टचे खटके तपासलेल्या माणसाला तो आवाज ऐकून बरं वाटलं.

"पडणार नाही ना?" सुईने विचारलं. दुकानात ती त्याच्याशी आपणहून बोलली ते एवढंच.

झालं! आता याच्यातला लिफ्टवाला जागा झाला. त्याच्या धंद्यात कुणाला लिफ्टमध्ये घालण्याआधी ठरल्यापेक्षा जास्त वजन टाकून बघतात, आणि मगच सही करतात. त्याने पलीकडच्या फळीवरची व्यायामाची लोखंडी वजनं उचलून शेगडीवर रचली. भांड्याच्या वजनाइतकी झाली, तरी थांबेना. मग बूट काढून स्वतःच एक पाय जाळीवर ठेवला आणि हळूहळू भार दिला.

"अहो, अहो, ती शेगडी आहे, शिडी नाही!" दुकानवाल्या बाई धावत आल्या. सुईला हसू आलं. तिने तोंड फिरवलं, पण आलं. ते हसू बघून हा गडी असा काही फुलला, की बाई पुढे म्हणाल्या ते त्याच्या कानावर पडून ओघळून गेलं. त्या म्हणाल्या होत्या, "ही झटपट भाजायला चांगली. कणसं, मासे. जास्त वेळ तापवू नका."

"बघ," तो सुईला म्हणाला, "माझा भार घेतला हिने. भांडं पडणार नाही. माझा शब्द."

तळ्याकाठी पोचल्यावरही त्याला चैन नव्हती. शेजारी एका काकूंचा तंबू होता, त्याच्या पलीकडे आपला ठोकला, मग दोऱ्या पुन्हा ताणल्या. बंदीच्या नियमाप्रमाणे पाण्याच्या दोन बादल्या भरून ठेवल्या आणि त्या तीनदा इकडच्या तिकडे केल्या. सुई दगडावर बसून बटाटे चिरत होती. तिने एकदा त्याच्याकडे बघितलं आणि म्हटलं, "काका, बसलात तरी चालेल."

"हो हो, बसतोच," म्हणाला आणि कोळसे पेटवायला गेला.

उन्हं कलायला लागली तेव्हा भांडं शेगडीवर चढलं. तळाला कांदे, त्यावर कोंबडी, वर बटाटे. सुईने सगळं स्वतःच्या हाताने रचलं आणि झाकणावर चिमट्याने एकेक निखारा गोल मांडला. मांडता मांडता बोलायलाही लागली. "बाबा म्हणायचे, झाकण सारखं उघडून बघायचं नाही. वास सांगतो." मग म्हणाली, "बाबांना हे उचलताना दम लागायचा शेवटी शेवटी. तरी कुणाला हात लावू द्यायचे नाहीत."

लिफ्टवाल्याला वाटलं, काहीतरी चांगलं बोलावं. तो म्हणाला, "जड आहेच ते." आणि मनातल्या मनात स्वतःला गाढव म्हणून घेतलं. पण पोरगी रागावली नाही. "हो ना," म्हणाली. दोघं शेजारी शेजारी बसून राहिले. शिजायला वेळ होता, ती मधे मधे कोळसे घालत होती. वास सुटला. त्याने हातमोजे काढून ठेवले आणि खूप दिवसांनी पाय पसरले.

आता सगळा घोळ इथे होता. याने शेगडी पारखली ती थंड असताना. लिफ्ट काही तापत नाही! भार घेते की नाही, एवढंच त्याला ठाऊक. खटक्यांच्या आत प्लॅस्टिकच्या गुंड्या होत्या, आणि कणसं भाजून होईपर्यंत त्यांना काही झालं नसतं. पण इथे निखाऱ्यांचा थर घटकाभर, दोन घटका धगधगत होता. गुंड्या आतल्या आत मऊ झाल्या, कुणाला पत्ता नाही.

कट्ट असा आवाज झाला. त्याने तो लगेच ओळखला. एक पाय दुमडला. शेगडी तळ्याच्या बाजूला कलली, निखारे घसरले, आणि भांडं सरकत सरकत कडेला आलं.

तो झेपावला. हातमोजे नव्हते, चिमटा नव्हता, काही नव्हतं. उजव्या हाताने त्याने भांड्याची कडा धरली, डाव्या हाताच्या बाहीने खालून आधार दिला, आणि धरून ठेवलं. चर्र झालं. तो ओरडला, पण सोडीना. शब्द दिला होता ना! डोळ्यांपुढे एकच गोष्ट, हे पडलं तर ती जाणार.

"काका, सोडा!" सुई किंचाळली. "सोडा ते!"

"पडेल..."

"पडू दे! हात जळतोय, पडू दे ना!"

तो सोडत नाही म्हटल्यावर ती काडीसारखी पोर खांदा खाली घालून अशी काही येऊन धडकली, की दोघंही बाजूच्या गवतात जाऊन पडले. भांडं दगडावर आदळलं. झाकण घरंगळत गेलं, बटाटे चहूकडे उडाले, आणि बीड वरपासून तळापर्यंत उभं तडकलं.

सुई त्याच्याआधी उठली. एक बादली तिने सांडलेल्या निखाऱ्यांवर ओतली, वाफेचा लोट उठला. दुसरी ओढत आणून त्याचा हात मनगटापर्यंत आत खुपसला. "काढायचा नाही," म्हणाली. मग भांड्याकडे गेली, तडा बघितला, आणि मटकन खाली बसून रडायला लागली. मोठ्याने, लहान मूल रडतं तसं, बाबा बाबा करत. लिफ्टवाल्याचा जीव तिळतिळ तुटला. तो हात काढून तिच्याकडे जायला उठला, तर ती तशीच रडत ओरडली, "हात काढायचा नाही म्हटलं ना!" तो पुन्हा बसला. त्याच्याही डोळ्यांना धार लागली होती.

"माझं चुकलं गं," तो म्हणाला. "ती दुसरी घ्यायला हवी होती. मी तुला शब्द दिला होता."

"कुणी मागितला होता शब्द?" ती नाक पुसत म्हणाली. "तापलेलं भांडं हाताने धरतं का कुणी? बाबांनी कधी नव्हतं धरलं. आईला काय सांगणार होते मी?"

मग ती उठली, तंबूतून फोन आणला आणि त्याच्याजवळ बसून आईला लावला. एका हाताने फोन कानाला, दुसऱ्या हाताने त्याचं कोपर धरलेलं, न जाणो हा पुन्हा उठायचा.

"आई, घाबरू नकोस. काकांचा हात भाजलाय. उजवा. पाण्यात घातलाय. शेजारच्या तंबूतल्या काकूंना सांगते, त्या गाडीने डॉक्टरकडे नेतील. ... भांडं फुटलं. ... हो. बाबांचंच." इथे तिचा आवाज चिरकला. पलीकडून आई बराच वेळ काहीतरी बोलत होती.

"नाही, तू रडू नकोस ना. ऐक. आजीला फोन करून सांग, मी राहायला येत नाही म्हणावं. सुट्टीत येईन." आईने काहीतरी विचारलं असावं. मग सुईने लिफ्टवाल्याकडे असं बघितलं, जसं काही तो घरातलं एक वांड मूल आहे.

"अगं, कशी जाऊ? मी ढकललं नसतं तर यांनी सोडलंच नसतं."