गंगेला सोडलेली वाम

मी वाम बोलतेय. सापासारखी लांब मासोळी, हातात धरली की निसटणारी. निम्मं आयुष्य नांदेडच्या एका आडात गेलं, म्हणून मला आडातली समजू नका. माझा जन्म समुद्रातला आहे.

आमच्या जातीची रीतच वेगळी. जन्म खाऱ्या पाण्यात, वाढ गोड्या पाण्यात, आणि शेवटी एकदा परत समुद्रात जाऊन अंडी घालायची. मी आले तेव्हा काचेसारखी होते, आरपार दिसायचे. गोदावरीच्या मुखातून आत शिरले आणि धारेच्या उलट पोहत राहिले. वाटेत धरणं आली. त्यांच्या ओल्या भिंतींना पोट चिकटवून रात्ररात्र चढले. तरुणपणी अंगाची सालटं निघाली तरी कुठे कळतं!

एवढं करून नांदेडजवळ एका भोयाच्या जाळ्यात सापडलेच. बाजारात वसंतराव गुरुजींनी मला विकत घेतलं. त्यांच्या घरी मासे खात नाहीत. "आडात जीव असला की पाणी जितं राहतं," असं म्हणून त्यांनी मला अंगणातल्या आडात सोडलं. झालं! किती पोहलं तरी फिरून आपल्याच शेपटीला भेटायचं. वर आभाळाचा ताटाएवढा तुकडा.

गुरुजी रोज भाताची शितं टाकायचे. पाहुणा आला की त्याला आडाशी आणायचे. पाहुणा आत डोकवायचा आणि हटकून म्हणायचा, "केवढी झाली हो!" जणू मी वाढावं म्हणून कुणी काही केलं होतं. पुढे घरात नळ आला, पंप आला, बादली-दोर गेला. मग गुरुजीही गेले. त्यांच्या बायको सौदामिनीबाई मात्र भात टाकायला विसरल्या नाहीत.

यंदा पावसाळ्यात माझे डोळे मोठे होऊ लागले. पोट चंदेरी झालं, भूक मेली. आमच्यात ही निघायची खूण. पोटात अंडी धरली की समुद्र गाठायचाच, दुसरी वेळ मिळत नाही. मी भिंत चढायला लागले. थोडं चढायचं, धपकन पडायचं. बाहेर निघायला दुसरी वाटच नव्हती.

तेव्हाच वर वेगळी धावपळ चालली होती. बाईंच्या नातीला, शिवांगीला, डेंगी झाला. पोर वाचली, पण घरानं डासांचा धसका घेतला. सून मुग्धानं औषधाची मोठी बाटली आणली आणि पलंगाखाली, माळ्यावर, मोरीत सगळीकडे फवारलं. आडाशी येऊन ती म्हणाली, "आई, इथं पण टाकू का थोडं? सगळे डास इथंच होऊन राहिलेत."

"खबरदार!" बाई ओरडल्या. "उगं काहीतरी करू नको. वाम मरून जाईल. ह्यांनी लेकरासारखी सांभाळली ती."

"मग जाळी तरी बसवू. पण ती बघा, भिंत चढून राहिली. कोंडून मरेल बिचारी."

बाईंनी वाकून आत पाहिलं. "दसऱ्याच्या धुण्याला जायचंच आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा गंगेला सोडू."

नवरात्राच्या आधी इथे दसरा काढतात. म्हणजे घट बसायच्या आत घरातली एकूण एक गोधडी, चादर, वाकळ धुऊन काढायची. बसवंतच्या ऑटोत गाठोडी चढली. आडात टोपली सोडून मला वर काढलं होतं, पाण्याच्या बादलीत मी. आणि बाईंच्या मांडीवर ती अर्धी उरलेली बाटली.

"ही कशाला घेतली?" मुग्धानं विचारलं.

"घट बसल्यावर घरात विष नको. कचऱ्यात टाकलं तर एखादी गाय चाटेल. गंगेला सोडून देऊ, तिच्या पोटात सगळं मावतं."

इथे गोदावरीला गंगाच म्हणतात. देवाचा फाटका फोटो, सुकलेले हार, मोडकी मूर्ती, जे घरात ठेवता येत नाही आणि फेकवतही नाही, ते गंगेला सोडायचं. त्यात बाईंना वावगं काही वाटलं नाही.

घाटावर बसवंत म्हणाला, "बाई, आधी काय सोडू?"

"आधी ते औषध. मग हात धू चांगले आणि मगच वामीला हात लाव. तिला इजा व्हायला नको."

त्यानं बाटली पालथी केली. पाणी दुधासारखं झालं. त्याच पाण्यात त्यानं हात धुतले. बाईंनी माझ्या डोक्याला हळदीकुंकू लावलं, स्वतःचे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "जा माय, माहेरी जा." इतकी माया मला कुणी लावली नव्हती. मलाही भरून आलं.

मग मी त्या पांढऱ्या पाण्यात शिरले. कल्ले पेटले. शेपूट वळवळली, आखडली आणि गप्प झाली.

आता मी घाटाच्या खालच्या पायरीच्या कपारीत पडून आहे. पुढे बाभळी गावच्या बंधाऱ्याची दारं अजून उघडी आहेत, दिवाळीच्या सुमारास बंद होतील आणि समुद्राची वाट अडेल. धार मला ओढते आहे, अंग हलत नाही. आडात निदान पोहता तरी येत होतं.

एका बाटलीनं समुद्राचं काय बिघडतं, असं तुम्ही म्हणाल. थेंबे थेंबे तळे साचे ही म्हण तुमचीच ना? इथे शेजारीच नाल्याचं तोंड आहे. त्यातून घराघरातलं डासांचं, झुरळांचं, वाळवीचं औषध उतरतं. वाटेवरच्या प्रत्येक शहराचा असा नाला असतो. समुद्रातली कोळंबीची, खेकड्याची पिल्लं म्हणजे किड्यांचीच चुलत भावंडं. किड्यांसाठी केलेलं औषध त्यांना कसं सोडेल? माझी पिल्लं तर काचेसारखी नाजूक. म्हणून विनवते, आडाला जपलंत तसं पुढच्या पाण्यालाही जपा. ते पुढे कुणाचं तरी घरच असतं.

वर गोधड्या वाळत पडल्या आहेत. बाई पायरीवर वाकून पाण्यात पाहताहेत. "गेली बघ," त्या सुनेला सांगताहेत, "मागं वळून सुद्धा बघितलं नाही."

मी नाही गेले, बाई. ते औषध गेलं.