म्हैस पाणी पीत नव्हती

ठकूबाईचा मुलगा भरत गिझर बसवून मुंबईला परत गेला आणि जाताना न्हाणीच्या भिंतीवर सूचनांचा कागद चिकटवून गेला. ठकूबाईला वाचता येत नव्हतं, पण सुनेनं, दिशानं, इतक्यांदा वाचून दाखवला की तिला तो पाठ झाला.

आधी नळ सोडून पाणी येतंय का बघावं. मगच बटन दाबावं.

वरंधच्या वरल्या वाडीतला हा पहिलाच गिझर. दिशा बाळंतीण, चुलीच्या धुरानं तिचा जीव घाबरा व्हायचा, म्हणून आणलेला. एक हिरवी, अर्थिंगची वायर तेवढी उरली. घरात ती जोडायला जागाच नव्हती. भरतनं मुडपून चिकटपट्टी गुंडाळली, म्हणाला, चालतंय.

लाल दिवा गेला म्हणजे पाणी तापलं.

तीन दिवस म्हैस सकाळची पाणी पीत नव्हती. गोठ्यातल्या डोणीत तोंड घालायची आणि फुरफुरत मागं सरायची. दुपारी मात्र तीच डोण, तेच पाणी, घटाघटा. ठकूबाईचा नवरा महिपत म्हणाला, दृष्ट लागली. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या.

चौथी सकाळ. दिशानं न्हाणीची कडी लावली. ठकूबाई बाळाला खांद्यावर टाकून गोठ्यात आली. म्हशीनं डोणीत तोंड घातलं. हिसडा देऊन मागं.

लाईट गेली. घरातला पंखा थांबला.

म्हैस पुढं आली. प्यायली. पीतच राहिली.

लाईट आली.

म्हशीनं दावं तोडलं.

ठकूबाईनं डोणीत उतरलेल्या लोखंडी पाइपाकडं बघितलं. पाइप भिंतीतून आला होता. भिंतीपलीकडं न्हाणी. न्हाणीत

ओल्या हातानं बटनाला

ती धावत न्हाणीच्या दाराबाहेरच्या बटनापाशी आली. म्हशीनं उडवलेल्या पाण्यानं हात ओला होता. दुसऱ्या हातावर बाळ. तिनं हात लुगड्याला पुसला, पुन्हा पुसला, तरी तो ओलाच वाटत होता. दाराशी गुरांची काठी होती. काठीच्या टोकानं तिनं बटन बंद केलं. दाराच्या फटीतून दिसणारा लाल दिवा विझला.

"दिशा."

आत बादली भरून वाहत होती. बादली कुणी सरकवत नव्हतं.

"दिशा गो, बोल कायतरी."

पाणी वाहत होतं. बाळ रडायला लागलं.

मग नळ बंद झाला. बऱ्याच वेळानं कडी निघाली. दिशाच्या केसांत साबण तसाच होता, एकाच पायात रबरी चप्पल.

"नळाला हात लागला की झिणझिण्या येतात, आत्या. पयल्या दिसापास्नं. म्हणून मी चपला घालूनच न्हाते."

"सांगितलं का नाय?"

"तुम्ही गिझर काढाया लावला असता." ती दाराला टेकली. "आज एक चप्पल निसटली. हात नळाला चिकटून राहिला. ओरडता येईना."

तिनं बाळासाठी हात पुढं केले. ठकूबाईला बाळ देववेना.

"आधी हात पूस."

दिशानं पदराला हात पुसले.

"अजून पूस," ठकूबाई म्हणाली.