अकरानंतर सान्सुके

बारा जणांनी मिळून डोंगरावर जायचं नाही, हे आमच्या युनोसावा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. डोंगराच्या देवीला बारा मुलं. बारा जण एकत्र दिसले की ती आपलीच समजून ठेवून घेते. म्हणून आम्ही अकरा जातो, नाहीतर तेरा. त्या वर्षी ओगामोरी डोंगरावर वाटेच्या खुणेचे बांबू रोवायला तेरा जण ठरले होते, पण निघायच्या सकाळी टपालवाल्या कुरोसेची कंबर धरली आणि आम्ही नेमके बारा उरलो.

मात्सुझोकाका आमचे म्होरके. त्यांनी सरपणातला एक ओंडका उचलला, कोयत्याने त्याला डोळे, नाक, तोंड कोरलं आणि सगळ्यांना त्याच्यापुढे वाकायला लावलं. हा सान्सुके, आमचा तेरावा. अशी पाळी आली की त्याला पाठीवर घेऊन हिंडायचं, भाताचा पहिला घास त्याला दाखवायचा आणि काम संपलं की चुलीत घालायचा.

"चेहरा अगदी हान्झोवर गेलाय," मी म्हटलं.

"मग देवी याला नक्की ठेवून घेणार," हान्झो म्हणाला. "तुझी काळजी नाही बघ, किनुए. बाई दिसली की देवी जळते म्हणतात. पण मुळात बाई दिसायला तर हवी!"

हान्झोचं गावात दारूचं दुकान आहे आणि जिभेला हाड नाही. अकरा पुरुषांत मी एकटी बाई, तेव्हा असले टोमणे मला नवे नव्हते. मी त्याच्या स्कीवर मुद्दाम पाय देऊन पुढे गेले.

डोंगरावर आमची मोजणी तोंडी चालते. धुकं उतरलं की आपलाच हात आपल्याला दिसत नाही, तिथे डोकी कोण मोजणार? काका "एक" म्हणून ओरडतात, मग रांगेतला प्रत्येक जण आपापला आकडा ओरडतो. मी चार. हान्झो अकरा. त्यापुढचा आकडा डोंगरावर उच्चारायचाच नाही, म्हणून शेवटचा माणूस, ज्याच्या पाठीवर ओंडका असतो तो, नुसतं "सान्सुके!" म्हणतो. त्यात तोही आला आणि ओंडकाही आला. सान्सुके ऐकू आला की सगळे आहेत असं समजून पुढे निघायचं.

आमच्या रांगेत शेवटचा माझा नवरा, तोकुजी. तो सान्सुकेच्या नावाने असा चिरका आवाज काढायचा की दमलेली माणसंही हसायची. लहानपणी आम्ही दोघं एकाच उतारावर पडत, रडत स्की शिकलो. त्याचा आवाज मी झोपेतही ओळखते.

पहिल्या दिवशी बर्फ पिठासारखा कोरडा होता. मागे घसरू नये म्हणून स्कीखाली केसाळ पट्ट्या बांधून आम्ही चढलो, गुडघाभर बर्फातून वाट काढली आणि मुक्कामाच्या खोपटापासून वर डोंगराच्या खांद्यापर्यंत बांबू रोवले. पुढे स्कीवर येणाऱ्यांना धुक्यात हे बांबूच घरी आणतात. उतरताना मी सगळ्यांच्या पुढे होते. असा बर्फ मिळाला की मला वय आठवत नाही, कंबर आठवत नाही, हान्झोसुद्धा आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी पाऊस आला. फेब्रुवारीत, तोही दिवसभर. फरच्या झाडांवर हिवाळाभर साचून उभी राहिलेली बर्फाची भुतं गळून केविलवाणी झाली. आम्ही खोपटात बसून सुका मासा भाजला, पत्ते कुटले आणि एकमेकांना कंटाळलो. काका सारखे दारात जाऊन आभाळाकडे बघत होते. पावसाचं त्यांना भय नव्हतं, त्याच्यानंतर काय येतं याचं होतं.

पावसानंतर कडाका आला. तिसऱ्या दिवशी सगळा ओगामोरी चकचकीत, टणक झालेला. स्कीची धार लागत नव्हती, नुसता खरखर आवाज. पडलं तर थेट दरीतच थांबणार. बांबूसाठी भोक पाडायला लोखंडी पहार घ्यावी लागली. तरी संध्याकाळपर्यंत आम्ही काहिलीच्या पलीकडच्या कडेपर्यंत बांबू नेले. काहील म्हणजे वरच्या अंगाचा मोठा खोलगट उतार, अगदी मोठ्या कढईसारखा. तिच्या पुढे सोंडेचा, म्हणजे दरीवर पुढे आलेल्या धारेचा, शेवटचा तुकडा तेवढा राहिला. आणि त्याच संध्याकाळी वारा सुटला, वर नवा बर्फ पडू लागला.

चौथ्या दिवशी सकाळी मी स्कीची काठी उलटी करून काहिलीच्या कडेला खुपसली. वीतभर मऊ, मग ठण्. पुन्हा पुढे खुपसली. हातभर मऊ, मग ठण्.

"काका, हा बर्फ काचेवर सांडलेल्या पिठासारखा झालाय. वजन पडलं की सगळाच घसरेल. वाऱ्याने अजून भरतोय. आज नको."

"दिसतंय मला," काका म्हणाले. "पण सोंड राहिली तर धुक्यात माणसं सोंडेवरून सरळ पलीकडच्या दरीत जातील. परवा स्कीवाल्यांची पहिली टोळी येते आहे. एकेक जण पार करू. एक पोचल्याशिवाय दुसऱ्याने पाय टाकायचा नाही."

त्यांचंही चूक नव्हतं, म्हणून मला जास्त राग आला. आम्ही एकेक करत पार झालो. मी पार होताना श्वास घेतला की नाही आठवत नाही. सोंडेवर दुपारपर्यंत बांबू रोवले, उभ्या उभ्या भाताचे गोळे खाल्ले. तेवढ्यात धुकं आलं आणि वारा दुप्पट झाला.

"निघा!" काका ओरडले.

परततानाही ज्या क्रमाने आलो त्याच क्रमाने. काका पहिले, तोकुजी शेवटचा. निघण्याआधी मी त्याला पाहिलं. तो पहार, मोगरी आणि उरलेले बांबू पाठीवर चढवत होता. पिशवीत जागा नव्हती म्हणून त्याने सान्सुके काढून हान्झोच्या पिशवीत कोंबला. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जड सामान शेवटच्याने घ्यायचं, ही आमची रीतच आहे.

काहील पार करून भूर्जाच्या राईत थांबायचं, असं ठरलं होतं. राईत झाडं दाट, तिथे बर्फ घसरत नाही. मी पोचले. मागून एकेक सावली येत गेली. समोरचं झाडही धूसर दिसत होतं. हान्झो धापा टाकत आला, तो आवाजावरून कळला. मग काही वेळ कोणी आलं नाही, किंवा आलं असेल तर दिसलं नाही.

"एक!" काका ओरडले.

"दोन!" "तीन!"

"चार!" मी ओरडले.

आकडे धुक्यातून मागे मागे गेले. "अकरा!" हान्झोचा आवाज. मग जरा वेळ गेला. मग "सान्सुके!"

"चला," काका म्हणाले. "थांबू नका इथे."

पुढचे हलले. मी हलले नाही. तो सान्सुके चिरका नव्हता. दमलेला, खर्जातला, दारूच्या दुकानातला होता.

"काका, थांबा! हा तोकुजी नव्हे."

"मोजणी पुरी झाली, पोरी. वाऱ्यात आवाज बदलतो."

"माझ्या नवऱ्याचा आवाज तुम्ही मला शिकवू नका!" मी मागे वळले आणि धुक्यात हान्झोची पिशवी पकडली. "हान्झो, सान्सुके कोण म्हणालं?"

"मीच," हान्झो म्हणाला. "माझ्याकडेच आहे ना तो. ज्याच्या पाठीवर ओंडका, त्याने ओरडायचं." मग त्याचं त्यालाच उमगलं. त्याने मान वळवून मागे पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मला वाटलं तो पाठोपाठ आहे. किनुए, देवाशपथ, मला वाटलं..."

मी त्याला तिथेच बडवलं असतं, पण वेळ नव्हता. आम्ही सगळ्यांनी मिळून हाका मारल्या, शिट्ट्या फुंकल्या. वारा आमच्याकडून सोंडेकडे वाहत होता. आमचा आवाज तिकडे जाणार होता, तिकडचा इकडे येणार नव्हता.

"मी जातो," काका म्हणाले.

"तुमचं वजन बघा. मी सगळ्यांत हलकी."

काहिलीवरून सकाळपासून तेवीस वेळा स्की गेल्या होत्या. आता आणखी एकाचंही वजन तिला सोसेल की नाही, हे काकांना सांगता येत नव्हतं आणि मलाही. शेवटी त्यांनी माझ्या कमरेच्या पट्ट्यात आपली कुऱ्हाड अडकवली. "वरच्या खडकाला धरून जा. मध्ये जाऊ नकोस. बांबू सोडू नकोस."

मी बांबूवरून बांबूकडे गेले. एक दिसेनासा होई तेव्हा दुसरा दिसत नसे, मधल्या जागेत फक्त पांढरं. आमच्या आधीच्या खुणा वाऱ्याने बुजवल्या होत्या. मध्यावर कुठेतरी पायाखाली धप्प झालं, गादीवर कोणी बसावं तसं. मी थिजले. सगळी काहील एकदम बोटभर खचली होती. मी देवीला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी दिली आणि पुढचं पाऊल पिसासारखं टाकलं. भीती वाटत होतीच. पण परतले तर घरी कोणत्या तोंडाने भात शिजवणार, हे त्या भीतीहून मोठं होतं.

तोकुजी सोंडेच्या तोंडाशी होता. वाकलेला एक बांबू सरळ करायला तो मागे राहिला होता. तिथे त्याच्या स्कीची बूट धरणारी तार तुटली, स्की सुटून दरीत गेली. तो बांबूला पाठ लावून बसला होता. भुवयांवर बर्फ, हात बगलेत. ओरडतही नव्हता.

"मुका झालास का?" मी त्याच्या गालावर चापट मारली. "हाक का मारत नाहीस?"

"मारत होतो," तो म्हणाला. ओठ नीट हलत नव्हते. "मग मोजणी ऐकू आली. अकरा झाले, आणि सान्सुके पण झाला. म्हटलं, आपण मोजले गेलो. मागच्या हाका, शिट्ट्या तुमच्या तुम्हालाच वाटल्या. आता कोण परत येतंय?"

"मी नव्हते तिथे?"

"होतीस. तुझं चार ऐकलं. म्हटलं, ही पोचली नीट." त्याने हसायचा प्रयत्न केला. "बरं वाटलं."

मला रडू फुटलं आणि त्याच्या आईचा उद्धारही तोंडून निघाला, दोन्ही एकदमच. मग मी त्याला उभं केलं.

एका स्कीवर काहील पार होणार नव्हती. चालत गेला असता तर प्रत्येक पावलाला बर्फ चिरला असता. राहिला काहिलीच्या वरचा कणा, डोंगराची उघडी धार. तिथला नवा बर्फ वाऱ्याने खरवडून नेला होता आणि खाली परवाच्या पावसाचा टणक थर उघडा पडला होता, ज्याला आम्ही काल दिवसभर शिव्या घातल्या तोच. मी माझ्या स्की पाठीवर बांधल्या. त्याने पहार घेतली, मी कुऱ्हाड. एकेक खाच पाडायची, बुटाचं टोक रोवायचं, पुढे सरकायचं. एका अंगाला दरी, दुसऱ्या अंगाला काहील. वारा असा की दोनदा पोटावर झोपावं लागलं. तोकुजीची बोटं पहारीवर नीट वळत नव्हती, म्हणून कमरेचा पट्टा सोडून मी पहार त्याच्या मनगटाला बांधली.

"काम संपल्यावर हान्झोला चुलीत घालू," मी म्हटलं.

"आणि दुकान?"

"ते आपण चालवू. बोलू नकोस, खाच बघ."

राईच्या वरच्या अंगाला पोचता पोचता काहील फुटली. आधी एक तडा गेल्यासारखा आवाज, मग लांब, जड घरघर. आमच्या पायांखालचा कणा थरथरला. मी तोकुजीची कॉलर धरली, त्याने कुऱ्हाडीचा दांडा. खाली काहीच दिसत नव्हतं. फक्त घरघर दूर दूर जात राहिली आणि त्यात आम्ही काल रोवलेले बांबू काडकाड मोडताना ऐकू आले. मग सगळं शांत झालं. वारासुद्धा क्षणभर पडल्यासारखा वाटला.

त्या शांततेत खालच्या राईतून काकांचा आवाज आला. इतका म्हातारा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

"एक!"

"दोन!"

"तीन!"

मग कोणी बोलेना. खाली सगळे माझ्या आकड्यासाठी थांबले होते. काकांनी मला काहिलीत पाठवलं होतं आणि काहील आत्ताच खाली गेली होती. मी छातीत मावेल तेवढा वारा भरून घेतला.

"चार!"

खाली कोणीतरी हुंदका दिला. मग पाच, सहा, आकडे भराभर आले. अकराला हान्झोचा आवाज फाटला. त्याच्या पाठीवर अजून तो ओंडका होता, पण या वेळी त्याने तोंड उघडलं नाही.

तोकुजी माझ्या शेजारी गुडघ्यांवर होता. मी त्याच्याकडे पाहिलं. आता चिरका आवाज काढील असं मला वाटलं. त्याने मान वर केली आणि सबंध ओगामोरीला ऐकू जाईल असं ओरडला,

"बारा!"

तो आकडा आमच्या डोंगरावर कोणी उच्चारलेला मी ऐकला नव्हता. खालून काकांनी उत्तर दिलं.

"ऐकला रे, तोकुजी. ये खाली."