बंद दारापुढचा धर्मदंड

मी एक जुना धर्मदंड आहे. मित्रांनो, बिशपांच्या हातात वरून वळलेली उंच काठी असते ना, तीच मी. मेंढपाळाच्या काठीची आठवण म्हणून ती धरायची असते. आमच्या बिशपांना मात्र मेंढरांपेक्षा कुरणात जास्त रस होता, हे मी आधीच सांगून टाकतो. मला ते आवडत नसत.

गोदीजवळच्या लहानशा चर्चमध्ये ते पूर्वी साधे फादर होते. आजाऱ्याच्या उशाशी बसत, पोरांबरोबर चेंडू खेळत. ते बिशप झाले तेव्हा तिथल्याच लोकांनी हौसेने मला घडवून घेतले. काताऱ्याने शिसवी लाकूड कातले, सोनाराने वळणावर चांदी चढवली. चर्च झाडणाऱ्या मावशींनी मला पुसून त्यांच्या हाती दिले आणि डोळ्यांना पदर लावला. त्या दिवशी मीही हुरळलो होतो.

पुढे बिशपांचा रुबाब वाढला. आवाज जड झाला, भेटीला चिठ्ठी लागू लागली. मिरवणुकीत लोक मला वाखाणत आणि मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, संपली की माझे तीन भाग सुटे करून मला पेटीत कोंबले जाई. पेटीत डांबराच्या गोळ्यांचा वास असे. गोदीकडे तर ते फिरकलेच नाहीत.

आणि एक दिवस फर्मान निघाले: माणसे कमी झाली, गोदीचे चर्च बंद. त्या जागी धर्मप्रांताचे कार्यालय होणार, खाली गाड्या, वर सभागृह. लोक आत जाऊन बसले आणि त्यांनी दार लावून घेतले.

आमच्यात रीत आहे. नव्या चर्चच्या दारावर बिशप माझ्या टोकाने ठोठावतात आणि आतले लोक हसतमुखाने दार उघडतात. बिशपांना वाटले, पूर्ण पोशाखात जाऊन ठोठावले की कुणाची अडवायची छाती होणार नाही. ठोठावले.

"कोण आहे?" आतून मावशींचा आवाज आला.

"मी. बिशप."

"बिशप होय? आमचे फादर असते तर उघडलं असतं."

"मावशी, उगाच तमाशा नको. कडी काढा."

"तमाशा कुणी मांडलाय? आम्ही आमच्या घरात बसलोय. माझ्या आईला शेवटचं इथूनच नेलं, मलाही इथूनच न्या!"

आत कुणीतरी फिसकन हसले. बिशपांचा पारा चढला. त्यांनी मला असे आपटले की मी सांध्यातच मोडलो. चांदीचे वळण पायरीवरून गडगडत गेले. ड्रायव्हर उचलायला वाकला, तर बिशप म्हणाले, "राहू दे रे. नवा करू." मला त्यांचा इतका संताप आला! पण काठीला काय बोलता येते? गाडी निघून गेली.

मग कडी निघाली. मावशींनी माझे तुकडे गोळा केले. कुणी म्हणाले, "चिकटवून देऊ या परत."

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "इथं कामाला येईल."

तेव्हापासून मी याच दाराच्या दोन कड्यांत आडवा आहे. अडसर म्हणून. चांदी गेली, तरी शिसव अजून दणकट आहे.

मित्रांनो, मला पुसू नका, पॉलिशही नको. बाहेर पुन्हा गाड्या थांबल्या आहेत, या वेळी खूप आहेत. कुणीतरी या आणि मला जरा आणखी आत सरकवा.