किटलीचा पोचा

मित्रांनो, मला बघणारा प्रत्येक जण आधी माझा पोचा बघतो आणि मग मला. म्हणून मीही सुरुवात तिथूनच करते. मी एक जुनी स्टीलची किटली आहे आणि माझ्या पोटाच्या उजव्या अंगाला तळहाताएवढा पोचा आहे. तो अजून जागेवर आहे याचा मला केवढा आनंद आहे, ते कळण्यासाठी तुम्हाला माझी सगळी हकिकत ऐकावी लागेल.

माझा जन्म कारखान्यात झाला. एका अवजड यंत्राने सपाट पत्रा दाबून मला पोट दिले आणि एका कामगाराने तोटी जोडून दिली. दुकानात मी पहिल्याच रांगेत होते. तिथून मला ज्यांनी उचलले, त्यांना मी बाबाच म्हणते, कारण त्यांची लेक त्यांना तसे म्हणते. एका मोठ्या कचेरीत ते टेबलाटेबलावर चहा द्यायचे. माझ्या झाकणाचा आवाज जिन्यात आला की वरच्या मजल्यावरची माणसे हातातले काम बाजूला सारायची. हिशेबनीस तर म्हणायचे, चहा दुसऱ्या भांड्यातून आला की त्यांना तो चहा वाटतच नाही. मी फुशारून जायची.

एके दिवशी घाईत बाबांचा पाय जिन्यावर घसरला. त्यांना काही लागले नाही, पण मी गडगडत खाली गेले आणि हा पोचा पडला. तेव्हापासून चहा ओतताना ते मला फिरवून धरायचे, पोच्याची बाजू स्वतःकडे आणि चांगली बाजू लोकांकडे. फाटकी कॉलर लपवावी तसे ते मला लपवत. मला वाईट वाटायचे, पण त्यांचा स्वभावच तसा. फोटो काढायचा म्हटले की इस्त्रीचा शर्ट घालून, केस चापून, श्वास रोखून बसणारे ते गृहस्थ.

पुढे कचेरीत चहाचे यंत्र आले. बाबा घरी बसले आणि मी मोरीजवळच्या फळीवर गेले. तिथे तुटक्या झाऱ्याच्या आणि वाळलेल्या ब्रशांच्या संगतीत माझे दिवस गेले. वर धूळ साचली आणि आत कोळ्याने जाळे विणले. आपले संपले, असे मी मनाशी धरून चालले होते.

ब्रश लेकीचे होते. ती चित्रकार आहे. समोरची वस्तू ती इतकी हुबेहूब रंगवते की बघणाऱ्याचा हात आपोआप पुढे होतो. एक दिवस ब्रश शोधताना तिने मला बाहेर काढले, पुसले, खिडकीशी नेले आणि बराच वेळ बघत राहिली. चांगली बाजू नव्हे, पोचाच. मग तिने मला टेबलावर ठेवले, माझ्या बुडाभोवती खडूने खूण केली आणि दारापेक्षाही रुंद कॅनव्हासवर मला रंगवायला घेतले.

मित्रांनो, कुणी आपल्याकडे इतके निरखून बघणे काय असते, ते शब्दांत सांगता येणार नाही. दिवसभरात तिचे नखाएवढे काम व्हायचे. माझा एकेक ओरखडा, तळाचा निळसर जळका डाग, झाकणाच्या कडेवरचा खिडकीचा उजेड, सगळे ती सावकाश उतरवायची. पोच्यात तर अख्खी खोली दिसायची, वाकडीतिकडी, पण सगळी. त्यात दाराजवळच्या खुर्चीत पेपर वाचत बसलेले बाबाही होते. तिने तेही रंगवायला घेतले, पण त्यांना सांगितले नाही. सांगितले असते तर ते इस्त्रीचा शर्ट घालून, श्वास रोखून बसले असते. पंचाईत एवढीच, की तोंडासमोर कायम पेपर. पाय झाले, गुडघे झाले, खांदे झाले, चेहरा मात्र कोराच राहिला. पान उलटताना क्षणभर तो दिसायचा, तेव्हा तिने फोटो काढून पाहिले, पण त्यांत दाण्याएवढा चेहरा धूसर यायचा. पेपर खाली येण्याची ती वाट बघत होती.

इकडे बाबांच्या मनात वेगळेच चालले होते. लेकीच्या चित्रांचे प्रदर्शन आठवड्यावर आले होते. आपली पोचा पडलेली किटली भिंतीवर टांगली जाणार, चार लोक बघणार आणि म्हणणार, कसल्या भांड्यातून चहा पाजायचा हा माणूस! त्यांना झोप लागेना. लेक प्रदर्शनाचा हॉल बघायला गेली तशी त्यांनी मला पिशवीत घातले आणि तडक ठोकेमास्तरांकडे नेले. भांडी दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाचे हे नाव गल्लीनेच ठेवलेले. मास्तरांनी आतून लोखंड लावले, बाहेरून लाकडी हातोडी चालवली आणि पोचा काढून टाकला. वर पॉलिशच्या चाकावर धरून चकचकीत केले. खोटे कशाला बोलू, मला छान वाटले. मी पुन्हा दुकानातल्या पहिल्या रांगेत जाऊन बसल्यासारखी झाले.

बाबांनी मला खडूच्या खुणेवर ठेवून वर रुमाल झाकला. लेक आली. रुमाल त्यांनी स्वतः काढला. तिने माझ्या उजव्या अंगावरून बोट फिरवले. मग म्हणाली, "छान झाली, बाबा." आणि खिडकीकडे तोंड करून ब्रश धुवायला लागली. ब्रश तर धुतलेलेच होते.

बाबांनी जन्मभर चहा पिणाऱ्यांचे चेहरे वाचले होते. चहा आवडला आणि चहा आवडला असे म्हटले, यातला फरक त्यांना चांगला कळायचा. त्यांनी खोदून विचारले, तेव्हा तिला सांगावे लागले. मग ते प्रथमच चित्राच्या अगदी जवळ गेले. आधी त्यांना खुर्ची दिसली. मग स्वतःची झिजलेली चप्पल, शर्टाचे तुटके बटण. खांद्यांच्या वर कोरा कॅनव्हास.

"आणि माझं डोकं?"

"ते त्या पोच्यात होतं, बाबा."

बाबा खाली बसले. चार लोकांत तुझी मान खाली जाऊ नये म्हणून केलं, एवढेच कसेबसे म्हणाले. ती त्यांच्याशेजारी जमिनीवर टेकली. "चकचकीत किटली मला दुकानात मिळाली असती," ती म्हणाली. "मला आपली हवी होती." माझी सगळी ऐट तिथेच उतरली. चकाकणारे माझे पोट मलाच खायला उठले.

बाबांनी मग चप्पल घातली आणि मास्तरांना घरी घेऊन आले. मास्तर वैतागले होते. जन्मभर पोचे काढले, पोचा घालायला कुणी बोलावले नव्हते, असे त्यांनी दोनदा ऐकवले. मग त्यांनी चित्र पाहिले आणि पोचा किती खोल आहे ते मोजायला अंगठा थेट चित्रातल्या पोच्यात घातला. अंगठा कॅनव्हासवर आपटला. त्यांनी अंगठा पाहिला, मग मला पाहिले. "हा तर सपाट आहे," ते चिडून म्हणाले. त्या दिवशी लेक प्रथमच हसली.

चित्र बघून माझ्यावर पोचा घालायचा असे ठरले. माझ्यावरून ते चित्र झाले होते, आता त्या चित्रावरून मी होणार होते. बाबांना खुर्चीत बसवले. मास्तर एक घाव घालायचे, मला खुणेवर ठेवायचे, लेक एक डोळा मिटून माझ्यातले बाबा आणि चित्रातले बाबा ताडून बघायची. गुडघा लांब दिसतोय. खांदा अजून उतरायला हवा. थोडं तोटीकडे. मी भीतीने गोठले होते. एक घाव जास्त बसला असता तर पुढे काही उपाय नव्हता. मास्तरांच्या कपाळावर घाम आला. शेवटचे दोन ठोके तर त्यांनी टिचकी मारावी तसे मारले.

लेक वाकली. मग तिने श्वास सोडला. चप्पल चपलेच्या जागी होती, बटण बटणाच्या. आणि खांद्यांच्या वर, कोऱ्या जागेत नेमके बसेल असे, बाबांचे डोके होते. थोडे पसरट, एक कान मोठा, आणि पेपर मांडीवर.

"हलू नका," ती म्हणाली आणि ब्रश उचलला. बाबांचा हात सवयीने केसांकडे गेला होता. तो त्यांनी अर्ध्यावरून खाली घेतला. माझ्या पोटावर मोठा घाव बसला होता, पण इतके हलके मला कधीच वाटले नव्हते.

चित्र वेळेवर भिंतीवर लागले. मी आता रोज दुपारी पुन्हा चहा देते. मित्रांनो, एकच मागणे आहे. आपल्या माणसाला किंवा वस्तूला चारचौघांसाठी नीटनेटके करण्याआधी एकदा जवळ जाऊन नीट बघा. परवा शेजारच्या काकू चहाला आल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, एवढी चांगली किटली, पोचा काढून का घेत नाही? बाबांनी पोच्याची बाजू त्यांच्याकडे करून चहा ओतला.

"राहू दे," ते म्हणाले. "त्यात मी बसतो."