गावाकडे पाठ

हॅडन कॉलेज बंद पडून एकोणीस वर्षं झाली, तरी गावाचा त्याच्यावरचा राग काही गेला नव्हता. कॉलेजची मुख्य इमारत गावाकडे पाठ करून उभी होती. लाल विटांची, तीन मजली, वर घंटेचा मनोरा. पण कमानी, रुंद दगडी जिना, सगळी शोभा पलीकडच्या मक्याच्या शेतांना. गावाच्या वाट्याला कोरी भिंत आणि कचऱ्याचे डबे. शिकलेल्यांची घमेंड, दुसरं काय, असं नेब्रास्काच्या त्या कोपऱ्यात चार पिढ्या बोललं जात होतं.

आता गावानं ती इमारत वाचनालयासाठी घेतली होती. महापौर लेरॉय प्रोहास्काला गावच्या बाजूनं दार हवं होतं. पण जुन्या वास्तू जपणाऱ्या खात्याचे ऑस्टगार्ड साहेब पाहणीला आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"मूळ भिंत फोडता येणार नाही. लोकांनी वळसा घालून यावं."

"आजवर दुसरं काय केलं आम्ही?" लेरॉय म्हणाला.

किल्ल्यांचा जुडगा घेऊन व्हर्ना बाजूला उभी होती. एकतीस वर्षं तिनं ही इमारत झाडली-पुसली होती. सत्तरी ओलांडली तरी किल्ल्या तिच्याकडेच होत्या.

"साहेब, एक विचारू का?" ती म्हणाली. "झाडू ठेवायच्या खोलीत दगडी पायरी कशाला असेल?"

तिनं दोघांना तिथं नेलं आणि बादल्या सरकवल्या. भिंतीलगतची पायरी मधोमध बशीसारखी झिजली होती.

"फरशी पुसताना इथं पाणी साचायचं. मला वाटायचं, दगडच तसला. पण या खोलीत एका वेळी मी एकटीच मावते. मी काही एवढी झिजवली नाही."

ऑस्टगार्ड साहेब गुडघ्यावर बसले. त्यांनी भिंतीवर बोटं वाजवली, मग छिन्नीनं थोडा गिलावा काढला. आत कमानीच्या तिरप्या विटा निघाल्या. भिंतीमागे बुजवलेलं दार होतं.

"अहो, इमारतीचं तोंड गावाकडेच होतं," ते हळूच म्हणाले. "शेतांकडचा तो जिना मागाहून बांधलाय."

दार बुजवण्याचं कारण आठवड्याभरानं कॉलेजच्या जुन्या कागदांत सापडलं. १९११ सालचं पत्र होतं. पोरं तास बुडवून समोरच्या नाचघरात पळतात, बेकरीतले कोलाचे नावाचे गोड पाव उधार नेतात, तेव्हा या बाजूचं दार बंद करा, अशी गावानंच विनंती केली होती. खाली सही होती: व्हाक्लाव प्रोहास्का, महापौर.

लेरॉयनं पत्र दोनदा वाचलं. "माझे पणजोबा."

"अक्षर छान आहे," व्हर्ना म्हणाली.

"व्हर्ना, हे गावात सांगू नकोस हं."

"मी कशाला सांगू? कुणी विचारलंच, तर मात्र खोटं बोलणार नाही."

दुपारच्या कॉफीपर्यंत निम्म्या गावानं विचारलं होतं. न्हाव्यानं लेरॉयला खुर्चीत बसवून सगळ्यांदेखत म्हटलं, "कुठल्या बाजूनं कापू? पुढून की पाठीमागून?" पोस्टातली बाई त्याला रोज वळसा घालून यायला सांगू लागली. लेरॉय आधी चिडला, मग स्वतःच हसायला लागला.

ऑक्टोबरात दार उघडलं. लेरॉयनं भाषण दोन वाक्यांत आटोपलं: "आमच्या घराण्यानं लावलेलं दार उघडतोय. उशीर झाला, माफ करा."

लोक आत शिरणार, एवढ्यात ऑस्टगार्ड साहेबांनी सगळ्यांना थांबवलं. "व्हर्नाबाई, आधी तुम्ही."

व्हर्नानं सवयीनं बूट खसखसून पुसले. मग आत जाऊन खिडकीजवळची सगळ्यात चांगली खुर्ची धरली, आणि संध्याकाळपर्यंत काही ती सोडली नाही.