तिसरा खटका

शालिकरामनं गिअरबॉक्समधून पंप उपसून काढला आणि वामनच्या पुढ्यात आदळला. पंपाचे दोन्ही दात मोडलेले होते.

"बघून घे बे. आता बोल, माल सडका होता का?"

वामन पंप उलटसुलट करून बघत राहिला. महिनाभर मात्र त्यानं वाडीपासून सीताबर्डीपर्यंत डांगोरा पिटला होता, की शालिकनं मले सडका गिअरबॉक्स गळ्यात मारला. दोघं एकेकाळचे भागीदार, त्यामुळे ऐकणाऱ्यांनाही ते गोड लागलं होतं.

गाडी रामदासपेठेतल्या प्रेमिलाबाईंची. डावा गुडघा गेल्यामुळे क्लच दाबवत नाही आणि नवऱ्याची कॉन्टेसा सोडवत नाही, म्हणून त्यांनी वामनकडून तिला शालिकरामकडचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला होता. दुसऱ्याच दिवशी गाडी बसली. आता त्या शालिकरामच्या गॅरेजात खुर्चीवर काठी टेकून न्यायाधीशासारख्या बसल्या होत्या.

"चूक कोणाची, तेवढं सांगा. फियाट न् अ‍ॅम्बॅसेडर घरी उभ्याच आहेत, त्यांनाही हेच करून घ्यायचंय. ज्याचं खरं, त्याच्या दारात येतील."

शालिकरामला दात पाहताक्षणीच कळलं होतं. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये कन्व्हर्टर असतो, तेलानं भरलेला लोखंडी भोपळाच म्हणा. तो फिरवत फिरवत आत ढकलायचा, की तीन खटके देऊन बसतो. ते मोजायचे कानानं. वामननं दोन खटक्यांवरच बोल्ट आवळले होते. पंपाचे दात गेले, ते त्या जोरानं.

नवशिक्याची चूक. आणि वामन नवशिका नव्हता. चालत्या इंजिनाजवळ कान नेऊन तो सांगायचा, "लहान्या इंजिनले ढिला कन्व्हर्टर दे, त्याले आधी दम घेऊ दे. मोठ्याले घट्ट." एकदाही चुकला नाही. शालिकरामनं हे त्याला कधी बोलून दाखवलं नव्हतं. फुकटचा भाव कोण देतो?

वामन पाठमोरा होऊन हात पुसत होता.

"कल्हईवाला," शालिकराम पुटपुटला.

वरवर चमकवून देणारा, अशा अर्थाच्या याच शब्दावरून अकरा वर्षांपूर्वी वामननं पाना फेकून मारला होता आणि भागीदारी मोडली होती. आता त्यानं मानही वळवली नाही.

"कल्हईवाल्या," शालिकराम मोठ्यानं म्हणाला.

प्रेमिलाबाईंनी भुवया उंचावल्या. वामन बोटाच्या पेरातलं काळं तेल काढत राहिला.

शालिकरामनं मोडका पंप उचलून पाहिला, खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग फळीवरचा दुसरा पंप काढून बसवला आणि वामनचा दंड धरून त्याला ओढलं.

"काहून ओढून राहिला बे?" वामन खेकसला.

 शालिकरामनं त्याचा तळवा घेऊन गिअरबॉक्सच्या पाठीवर दाबून ठेवला आणि कन्व्हर्टर आत सरकवत फिरवू लागला. एक खटका पडला. थोड्या वेळानं दुसरा. वामनची बोटं ताणली गेली. कन्व्हर्टर अर्धा फेरा फिरला आणि खोल कुठंतरी जाऊन बसला.

"तीन," वामन म्हणाला. फार मोठ्यानं. मग त्यानं शालिकरामकडं पाहिलं आणि नजर जमिनीवर टाकली.

"आता तरी सांगता का?" प्रेमिलाबाईंनी काठी आपटली.

शालिकराम वामनकडे पाठ करून उभा राहिला.

"मालच सडका होता, बाई," तो हळू आवाजात म्हणाला. "माझ्याकडचा. गाड्या याच्याकडे न्या."

"काय सांगून राहिला बे तिले?" मागून वामन ओरडला.